सरकारी दाराचा नवा उंबरठा

पहिल्या पानावर अग्रलेख यावयाचा म्हणजे मंत्रिमंडळ कोसळले असावे, सरहद्दीवर काही घडले असावे, निदान एखादा थोर पुरुष तरी निवर्तला असावा, असा वाचकांचा समज असतो आणि तो अगदीच गैर नाही. आज यांपैकी काहीही घडलेले नाही. आज आम्ही येथे लिहीत आहोत ते एका अर्जाविषयी. सरकारी संकेतस्थळावर भरावयाच्या, तीन-चार पानांच्या, अगदी साध्या अर्जाविषयी. असे अर्ज दररोज हजारो लोक भरतात आणि संध्याकाळपर्यंत विसरूनही जातात. पण तो ज्यांना भरताच येत नाही असेही लोक या राज्यात लाखांनी आहेत, आणि त्यांच्याविषयी पहिल्या पानावर लिहिण्याचा प्रसंग सहसा येत नाही. तो आम्ही आज मुद्दाम आणीत आहोत.

काही दिवसांपूर्वी आमचा एक जुना विद्यार्थी कार्यालयात भेटीस आला. वृत्तपत्राच्या व्यवसायात पडण्यापूर्वी काही वर्षे आम्ही शाळेत मराठी शिकवीत होतो, त्या वर्गातला हा मुलगा. मुलगा म्हणावयाचे इतकेच. आज त्याची कन्या महाविद्यालयात जावयाच्या वयाची आहे. हिवाळ्यात शेवटच्या तासाला उजेड कमी झाला की त्याला फळ्यावरचे दिसेनासे होई, आणि 'तुझे लक्ष नसते' म्हणून आम्हीच त्याला एकदा बाकावर उभे केले होते. ती गोष्ट तो हसून सांगतो. आम्हांस अजून हसता येत नाही. पुढे तो डोळ्यांच्या पडद्याचा आनुवंशिक विकार असल्याचे निष्पन्न झाले आणि पंचविशीच्या आत त्याची दृष्टी पूर्णपणे गेली. तो आज एका बँकेत अधिकारी आहे, आमच्या उपसंपादकांहून भराभर संगणक चालवितो, आणि कोणाच्या दयेवर जगत नाही. खुर्चीवर बसता बसता तो म्हणाला, "सर, दहा मिनिटे तुमचे डोळे उसने हवे आहेत."

मुलीच्या प्रवेशासाठी लागणाऱ्या एका दाखल्याचा अर्ज त्याला भरावयाचा होता. कार्यालय कोणते ते सांगण्याचे प्रयोजन नाही, कारण त्या जागी दुसऱ्या पुष्कळ कार्यालयांची नावे घातली तरी हकिकत फारशी बदलणार नाही. दोन रात्री तो घरी त्या अर्जाशी झगडला होता. नाव, पत्ता, शिक्षण हे रकाने त्याने भरले. जन्मतारखेपाशी आल्यावर पडद्यावर एक दिनदर्शिका उघडे. तिच्यातील तारीख माउसने टिपावी लागे, कळफलकावरून टंकलेली घेतली जात नसे. तेथून तो कसाबसा पुढे सरकला, तो शेवटी एक चित्र आले. चित्रातील वेडीवाकडी अक्षरे ओळखून लिहावीत, म्हणजे अर्जदार हे यंत्र नसून मनुष्य आहे अशी संगणकाची खात्री पटते. ज्याला चित्र दिसत नाही तो मनुष्य या कसोटीत यंत्र ठरतो. एवढ्यात ठरलेली मुदत संपली आणि भरलेले सर्व काही पुसले गेले. आम्ही त्याच्या शेजारी बसून पहिल्यापासून सुरुवात केली. ती अक्षरे आमचीही दोनदा चुकली, हे प्रामाणिकपणे नमूद केले पाहिजे.

अर्ज अखेर गेला. परंतु तो जाईपर्यंत त्याचा परवलीचा शब्द आम्हांस कळला, त्याचे वार्षिक उत्पन्न कळले, आधार क्रमांक व बँकेचा तपशील आमच्या नजरेखालून गेला. आम्ही त्याचे शिक्षक. त्याला आमचा संकोच वाटला नसेल. पण दर वेळी शिक्षक कोठून आणावयाचे? एरवी तो कोपऱ्यावरच्या सायबर कॅफेत जातो आणि तेथल्या अनोळखी पोराला पन्नास रुपये देऊन हे सारे सांगतो. 'आपला परवलीचा शब्द कोणासही सांगू नका' असे संदेश पाठवून पाठवून ज्यांनी नागरिकांस भंडावून सोडले आहे, त्यांचाच अर्ज परवलीचा शब्द परक्याच्या हाती दिल्यावाचून एका नागरिकाला भरता येत नाही, ही विसंगती त्या कार्यालयातील कोणाच्याही ध्यानी आलेली दिसत नाही.

या सगळ्या प्रकरणात आम्हांस सर्वांत अधिक बोचते ती गोष्ट वेगळीच आहे. कागदाचे राज्य होते तेव्हा सरकारी अर्ज अंधाला परका असे, आणि त्याबद्दल कोणास दोष देणे कठीण होते. हा देश त्या काळीही अगदी स्वस्थ बसला नव्हता. स्वातंत्र्य मिळून चार वर्षे होतात न होतात तोच, १९५१ साली, सर्व भारतीय लिप्यांसाठी एकच भारती ब्रेल मुक्रर झाली, आणि दुसऱ्याच वर्षी मुंबईत नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड ही संस्था उभी राहिली. तथापि ब्रेलमध्ये पाठ्यपुस्तके छापता आली, तरी तहसील कचेरीतील प्रत्येक अर्ज, प्रत्येक नोटीस आणि प्रत्येक आदेश ब्रेलमध्ये छापणे कोणाच्याही आवाक्यातले नव्हते. कोणी तरी वाचून दाखवावे आणि त्याने ते ऐकावे, एवढाच मार्ग होता.

संगणक आला आणि हा नाइलाज संपला. पडद्यावरील मजकूर वाचून बोलून दाखविणारी स्क्रीन रीडर नावाची आज्ञावली आज दृष्टिहीनांच्या नित्य वापरात आहे. त्यांपैकी एनव्हीडीए या नावाची आज्ञावली ऑस्ट्रेलियातील दोन अंध तरुणांनी २००६ साली रचावयास घेतली. ती जगभर विनामूल्य मिळते आणि मराठीही वाचते. भ्रमणध्वनीत तर असा वाचक आता विकत घेतानाच बसविलेला असतो. म्हणजे आदेश काढणारा सचिव आणि त्या आदेशाची वाट पाहणारा अंध नागरिक यांना तोच मजकूर एकाच क्षणी, मध्ये तिसरा मनुष्य न येता, वाचता येण्याची सोय इतिहासात प्रथमच झाली. आणि नेमक्या त्याच वेळी आपण तो मजकूर त्याला वाचता येऊ नये अशा रीतीने मांडू लागलो. कोणी दुष्टपणाने हे केले असे आम्ही म्हणत नाही. ज्यांनी संकेतस्थळे बांधली त्यांच्या मनात हा नागरिक आलाच नाही, एवढेच घडले आहे. परंतु त्याच्या अंधत्वाशी या अडथळ्याचा संबंध नाही, अडथळा आपण घातलेला आहे, हे आधी कबूल केले पाहिजे.

तो कसा घातला जातो हे थोडे विस्ताराने सांगणे भाग आहे, कारण ज्यांच्या सहीने ही कामे मंजूर होतात त्यांपैकी पुष्कळांनी स्क्रीन रीडर कधी कानांनी ऐकलेला नसतो. स्क्रीन रीडर पडद्यावरचे चित्र पाहत नाही. पानाच्या मागे जी संगणकाची लिखावट असते ती तो वाचतो: हे शीर्षक, हा रकाना, हे बटन, हा दुवा. रकान्याच्या शेजारी 'वडिलांचे नाव' असे डोळ्यांसाठी लिहिले, पण ते शब्द त्या रकान्याला आतून जोडले नाहीत, तर ऐकणाऱ्याला केवळ 'रिकामा रकाना' एवढेच ऐकू येते. असे वीस रिकामे रकाने ओळीने ऐकावयाचे आणि कोणते नावाचे व कोणते उत्पन्नाचे हे अंदाजाने ठरवावयाचे! चित्राला पर्यायी शब्द दिले नाहीत तर चित्राऐवजी त्याच्या संचिकेचा लांबलचक क्रमांक वाचला जातो. सूचनांच्या पानावर तीस ठिकाणी 'येथे क्लिक करा' लिहिलेले असले, तर येथे म्हणजे कोठे, ते कळावयास मार्ग नसतो. यांतील एकेक दोष दूर करावयास विद्वत्ता लागत नाही. बहुतेक ठिकाणी चार शब्द जास्त लिहावे लागतात, आणि ते बांधतानाच लिहिले तर त्यांचा वेगळा खर्चही जाणवत नाही.

मराठीच्या वाट्याला याखेरीज एक जादा दुःख आले आहे. युनिकोड रूढ होण्यापूर्वी मराठी मजकूर निरनिराळ्या कंपन्यांच्या फाँटांत टंकला जाई. डोळ्यांना तेथे 'महाराष्ट्र शासन' असे स्वच्छ दिसे, परंतु संगणकाच्या पोटात रोमन अक्षरांची व चिन्हांची खिचडी भरलेली असे. स्क्रीन रीडर ती खिचडीच वाचतो. वृत्तपत्रांच्या व्यवसायातही हे फाँट वर्षानुवर्षे चालले, तेव्हा या पापाचा काही वाटा आमच्याही पदरी आहे. जुन्या पीडीएफमधील मराठी परिच्छेद उचलून दुसरीकडे ठेवताना ज्यांच्या हाती निरर्थक अक्षरांचा ढीग आला असेल, अशा डोळस वाचकांनाही आम्ही काय म्हणतो ते कळेल. युनिकोड आल्यावर हा प्रश्न सुटावयास हवा होता. पण पान मराठीत आहे ही खूण आतून केलेली नसली तर वाचणारी आज्ञावली इंग्रजी उच्चारांनी मराठी वाचू पाहते, किंवा मुकाट्याने पुढे जाते. आणि त्याहून मोठी आपत्ती म्हणजे स्कॅन. संगणकावर युनिकोडमध्ये टंकलेले परिपत्रक कागदावर छापावयाचे, त्यावर शाईने सही करावयाची, शिक्का मारावयाचा, मग त्या कागदाचे छायाचित्र काढून ते संकेतस्थळावर चढवावयाचे! ज्याची अक्षरे संगणकात होती त्याचे पुन्हा चित्र करून ठेवण्याची ही कला आपल्या कचेऱ्यांनी फारच आत्मसात केली आहे. डिजिटल स्वाक्षरीला कायद्याची मान्यता आहे, हे ठाऊक असूनही.

आमच्या विद्यार्थ्याचा दाखला मुदतीत आला, हे त्या कार्यालयाच्या बाजूने सांगितले पाहिजे. तो पीडीएफ होता आणि त्याच्या स्क्रीन रीडरला त्यात एकही अक्षर सापडले नाही. त्याने तो आमच्याकडे पाठविला, आम्ही दूरध्वनीवर वाचून दाखविला, तेव्हा मुलीच्या नावात एक अक्षर चुकल्याचे ध्यानी आले. दुरुस्तीचा अर्ज अर्थातच त्याच संकेतस्थळावर करावयाचा होता.

अंधांचेच उदाहरण आम्ही लांबविले, कारण ते आमच्या डोळ्यांसमोर घडले. परंतु उंबरठा एकाच पायाला लागत नाही. बहिऱ्या नागरिकाला 'अधिक माहितीसाठी या क्रमांकावर दूरध्वनी करा' या ओळीचा उपयोग काय? मंत्र्यांच्या भाषणाची व योजनांची चित्रफीत खाली अक्षरे दिल्यावाचून त्याच्यापर्यंत कशी पोचावी? ज्याच्या हाताला कंप आहे त्याला माउसने बारीकसा चौकोन टिपता येत नाही. ज्याला एकेक अक्षर सावकाश टंकावे लागते त्याची मुदत अर्ध्या वाटेवर संपते. लाल रंगाचे रकाने भरणे आवश्यक आहे, ही सूचना ज्याला लाल-हिरवा भेद कळत नाही त्याने कशी पाळावी? फिकट करड्या पार्श्वभूमीवर त्याहून किंचित गडद करड्या अक्षरांत मजकूर छापण्याची अलीकडे टूम निघाली आहे; आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे अक्षर व पार्श्वभूमी यांच्या उजळपणात निदान ४.५ ला १ असे प्रमाण असावे लागते. साठी उलटलेल्या आमच्या वाचकांना हे प्रमाण माहीत नसेल, पण ते पाळले नाही म्हणजे काय होते हे निवृत्तिवेतनाच्या पानावर त्यांनी अनुभवले असेल. मोतीबिंदू, संधिवात आणि कमी ऐकू येणे ही काही परक्या लोकांची दुखणी नव्हेत.

२०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्तींची नोंद झाली. महाराष्ट्रात २९ लाख ६३ हजार. पाहण्यात अडचण असलेले देशात सुमारे ५० लाख, ऐकण्यात अडचण असलेले जवळजवळ तितकेच, आणि हालचालीत अडचण असलेले ५४ लाख. ही गणना आठ गटांत झाली होती. पुढे २०१६ च्या कायद्याने २१ प्रकारची अपंगत्वे मान्य केली, तेव्हा खरा आकडा याहून मोठा असणार हे उघड आहे.

आणि कायद्याची उणीव म्हणावी तर तीही नाही. अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या संयुक्त राष्ट्रांच्या करारास भारताने २००७ च्या ऑक्टोबरात मान्यता दिली. सरकारी संकेतस्थळे कशी असावीत याची मार्गदर्शक तत्त्वे केंद्राने २००९ साली प्रसिद्ध केली. त्यांची तिसरी आवृत्ती २०२३ मध्ये निघाली. २०१६ च्या दिव्यांगजन हक्क अधिनियमाने माहिती व सेवा सर्वांना वापरता येतील अशा स्वरूपात देण्याचे बंधन सरकारवर घातले, सरकारी व खासगी सेवा देणाऱ्यांस नियम झाल्यापासून दोन वर्षांची मुदत दिली, आणि भंग करणाऱ्यास पहिल्या खेपेस १० हजार रुपयांपर्यंत व पुढे ५ लाखांपर्यंत दंड सांगितला. नियम १५ जून २०१७ रोजी झाले. मुदत २०१९ च्या जूनमध्ये संपली. त्यानंतर भारतीय मानक ब्यूरोने या विषयाचे स्वतंत्र मानक तयार केले, आणि २०२३ मध्ये ते नियमांत समाविष्ट झाले. एवढी तत्त्वे, मानके व आवृत्त्या ज्या प्रश्नावर निघाल्या तो प्रश्न अद्याप शिल्लक कसा, हे कोडे सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सोडविले. राजीव रतुरी यांनी २००५ साली केलेल्या याचिकेवर निर्णय देताना न्यायालयाने दाखवून दिले की, अधिनियमाने ज्या गोष्टी बंधनकारक केल्या त्या नियम १५ (१) ने केवळ शिफारशीच्या पातळीवर आणून ठेवल्या आहेत. तो नियम अधिनियमाशी विसंगत म्हणून न्यायालयाने अवैध ठरविला, आणि किमान बंधनकारक नियम तीन महिन्यांत करावेत असे केंद्रास फर्माविले. संसदेने 'केलेच पाहिजे' म्हणावे आणि सचिवालयाने त्याचे 'करावे हे बरे' असे भाषांतर करावे, हा प्रकार आपल्या प्रशासनात नवा नाही. या वेळी तो न्यायालयाने पकडला इतकेच.

पुढच्याच वर्षी, ३० एप्रिल २०२५ रोजी, त्याच न्यायालयाने आणखी एक पाऊल टाकले. आम्लहल्ल्यातून वाचलेल्या एका महिलेला बँकेत खाते उघडताना कॅमेऱ्यासमोर पापण्या मिटून दाखवा असे सांगण्यात आले, कारण समोरची व्यक्ती जिवंत असल्याचा तो पुरावा मानला जातो. हल्ल्याने तिचे डोळे असे केले होते की पापण्या मिटणे तिला शक्यच नव्हते. समोर जिवंत उभ्या असलेल्या स्त्रीने जिवंत असल्याचा पुरावा द्यावा, आणि तो देता येत नाही म्हणून परत जावे, याहून निर्बुद्ध असे काही कल्पनेतही आणता येणार नाही. न्यायालयाने वीस निर्देश दिले, आणि डिजिटल सेवांपर्यंत पोचण्याचा हक्क हा घटनेच्या २१ व्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्काचाच भाग आहे असे स्पष्ट केले. त्यामुळे हा विषय आता सवलतीचा राहिलेला नाही.

यावर जे आक्षेप येतात त्यांपैकी खर्चाचा आक्षेप फार ऐकू येतो. सिडनी येथील २००० सालच्या ऑलिंपिकच्या वेळी तो एका न्यायाधिकरणापुढे तपासला गेला आहे, म्हणून ती हकिकत सांगण्यासारखी आहे. ब्रूस मॅग्वायर नावाच्या अंध गृहस्थांनी स्पर्धांच्या संयोजन समितीविरुद्ध तक्रार केली. मागणे तीनच गोष्टींचे होते: चित्रांना पर्यायी शब्द द्यावेत, वेळापत्रकावरून निरनिराळ्या खेळांच्या सूचीकडे जाता यावे, आणि निकालांचे तक्ते ऐकून समजतील असे असावेत. समितीने अवाढव्य खर्चाचे व वेळेचे कारण पुढे केले. तेथील मानवी हक्क आयोगाने तज्ज्ञांच्या साक्षी काढल्या, समितीचे म्हणणे अमान्य केले, आणि स्पर्धा सुरू होण्यापूर्वी बदल करण्याचा आदेश दिला. समितीने तो पुरता पाळला नाही, तेव्हा तिला २० हजार ऑस्ट्रेलियन डॉलर भरपाई द्यावी लागली. या गोष्टीला पाव शतक लोटले. खर्चाचा आकडा मोठा दिसतो तो बांधून झालेले पाडून पुन्हा बांधावे लागते म्हणून. जिना चढविताना उतरण केली असती तर तो खर्च झाला नसता.

दुसरा आक्षेप असा की, या लोकांसाठी खिडकी आहे, सेवा केंद्र आहे, तेथे त्यांनी जावे. खिडक्या एकेक करून बंद होत आहेत आणि 'ऑनलाइन करा' हेच उत्तर तेथे मिळते, हे क्षणभर बाजूस ठेवू. २०१५ च्या महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियमाने अधिसूचित सेवा ठराविक दिवसांत मिळण्याचा हक्क आपल्याला दिला. उशीर झाल्यास अपील आहे, कसूर करणाऱ्या अधिकाऱ्यास दंड आहे. परंतु हे दिवस मोजावयाचे ते अर्ज दाखल झाल्यापासून. ज्याचा अर्ज त्या चित्रातील अक्षरांपाशीच अडला त्याचा अर्ज दाखल झाला नाही. म्हणून विलंब नाही, म्हणून अपील नाही, आणि अहवालात तक्रारींची संख्या शून्य.

तिसरा प्रकार आक्षेपाचा नसून देखाव्याचा आहे, आणि तो आम्हांस अधिक घातक वाटतो. बहुतेक सरकारी पानांच्या माथ्यावर अक्षर लहान-मोठे करण्याची तीन बटने असतात आणि स्क्रीन रीडरविषयी एक दुवा असतो. तो उघडला की स्क्रीन रीडर कोठे मिळतात यांची यादी दिसते. ज्याच्याजवळ स्क्रीन रीडर नाही त्या अंधाला ती यादी वाचता येणार नाही, आणि ज्याच्याजवळ आहे त्याला तिची गरज नाही. ती नेमकी कोणासाठी आहे हे आम्हांस उमगलेले नाही. अलीकडे पानाच्या कोपऱ्यात चाकाच्या खुर्चीचे चिन्ह चिकटवून सर्व दोष आपोआप दूर झाल्याचे सांगणारी उपकरणेही विकली जातात. अशाच दाव्यांबद्दल अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाने २०२५ साली एका कंपनीस १० लाख डॉलर भरावयास लावले. नावे बदलण्याचा उत्साहही याच जातीचा. अपंगांस दिव्यांग म्हणावयाचे ठरले, महाराष्ट्राने २०२२ च्या डिसेंबरात स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग स्थापन केला. विभाग हवाच होता, त्याचे आम्ही तेव्हा स्वागतच केले. पण नाव दिव्य झाले म्हणून दिनदर्शिकेतील तारीख कळफलकावरून निवडता येऊ लागत नाही.

मग करावे काय? केंद्राचे नियम केव्हा आणि कसे अमलात येतात त्याकडे डोळे लावून बसण्याचे राज्य सरकारास वा महानगरपालिकांस काहीही कारण नाही. बहुतेक सरकारी संकेतस्थळे निविदा काढून खासगी कंपन्यांकडून बांधून घेतली जातात, आणि निविदेतील अटी लिहिणे सर्वस्वी आपल्या हातात असते. मानकाप्रमाणे काम झाले नाही तर अखेरचे देयक अदा होणार नाही, एवढी एक अट घातली की कंत्राटदारांना हे शास्त्र किती लवकर अवगत होते ते दिसून येईल. रस्त्याच्या कामात डांबराची जाडी मोजून देयक देतात ना? मोजणाराने मात्र स्वतः तो रस्ता चालावयास हवा. काम पुरे झाल्यावर अंध, बहिरे, हात न चालणारे असे नागरिक चाचणीस बसवावेत. २०२५ च्या निर्णयातही दृष्टिहीनांना अशा चाचणीत घेण्याचा निर्देश आहे. चित्रातील अक्षरांऐवजी भ्रमणध्वनीवर आलेला आकडा विचारावा. नवीन परिपत्रक स्कॅन करून चढविण्यास आजपासूनच मनाई करावी. जुन्यांचे पाहता येईल, सर्व एका वर्षात होणार नाही हे आम्हांस कळते.

ते होत नाही तोवर निदान खरे सांगावे. युरोपीय संघाने २०१६ साली सार्वजनिक संस्थांच्या संकेतस्थळांविषयी जो निर्देश काढला, त्यात एक अट फार शहाणपणाची आहे. आपल्या संकेतस्थळाचा कोणता भाग अपंगांना वापरता येत नाही, का येत नाही, आणि तो मजकूर हवा असल्यास कोणाकडे मागावा, हे प्रत्येक संस्थेने स्वतःच लिहून प्रसिद्ध करावयाचे असते. सप्टेंबर २०२० पर्यंत तेथील जुनी-नवी सर्व सार्वजनिक संकेतस्थळे या नियमाखाली आली. सगळी निर्दोष झाली असे नव्हे. पण दोष कबूल करण्याचे आणि दाद मागण्याचे ठिकाण तरी ठरले. आपल्या कार्यालयांनी असे एक निवेदन लिहावयास घेतले, तर ते लिहिता लिहिताच त्यांना आपले संकेतस्थळ पहिल्यांदा नीट कळेल, असा आमचा अंदाज आहे.

नव्या संकेतस्थळांच्या व ॲपांच्या निविदा वर्षभर निघतच असतात. यापुढे जी निघेल तिच्यात देयकाची ती अट आहे काय, आणि चाचणीस कोण बसणार, हे आम्ही महापालिका आयुक्तांस आणि विभागाच्या सचिवांस विचारीत आहोत. उत्तर आल्यास याच जागी छापू. आमचा विद्यार्थी म्हणतो, रविवारी दोन तास तो फुकट येऊन बसेल. बांधणाऱ्याला पैसे मिळतात, तपासणाऱ्या अधिकाऱ्याला वेतन मिळते. मग त्यानेच फुकट का बसावे, हेही त्या पत्रात आम्ही विचारले आहे.